डाव्या कुशीचे ठिपके

कारा निएमी पहिल्यांदा माझ्या बारमध्ये आली तेव्हा तिनं कोपऱ्यात बसलेल्या डेल हूपरला नावानं हाक मारली. डेलनं तिला जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही डेल ना? आज लाल टोपी नाही घातलीत?"

डेलनं ग्लास खाली ठेवला. "बाई, आपली ओळख कुठली?"

"ओळख नाही. तुमचे फोटो बघते मी. दोन वर्षं झाली."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि डेलची बायको आज आली नाही हे किती बरं झालं, असं दोघातिघांनी मोठ्यानं बोलून दाखवलं. कारा कानापर्यंत लाल झाली, पण उठून गेली नाही. स्टूल ओढून बसली, तळलेला मासा मागवला आणि सांगायला लागली.

ती राज्याच्या दक्षिणेकडच्या विद्यापीठातून आली होती. तळ्यांवरचं संशोधन हे तिचं काम. विस्कॉन्सिनात तळी हजारोंनी, आणि जाळी टाकून मासे मोजणारी सरकारी माणसं मूठभर. पण गळ टाकणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो, आणि मासा लागला की त्याचा फोटो फेसबुकवर टाकल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. कोणी, कुठे, कुठल्या हवेत, केवढा मासा धरला, तो पाण्याबाहेर किती वेळ ठेवला, सोडला तेव्हा तो कसा गेला, हे सगळं फोटोंत आणि व्हिडिओंत दिसतं. हौसेच्या मासेमारीनं तळ्याचं काय होतं, ते ती त्यावरून शोधत होती.

"म्हणजे आमच्यावर पाळत," डेल म्हणाला.

"तुम्ही अख्ख्या जगाला दाखवता. मी फक्त जरा नीट बघते."

मला ती तेव्हाच आवडली. उन्हाळाभर राहायला तिला जागा हवी होती, मी बारमागची केबिन दिली.

आमचं लाँग स्पून तळं मस्कीसाठी नावाजलेलं. मस्की म्हणजे नुसता मासा नव्हे. लांबीला पहिलीतल्या पोराएवढी, तोंडात करवत, आणि स्वभावानं अशी की माणसानं आठवडाभर गळाची काठी चालवावी आणि तिनं नावेपर्यंत येऊन, आमिषाकडे बघून परत फिरावं. ती खात कुणी नाही. माझ्या बारमध्ये शुक्रवारी जो तळलेला मासा मिळतो तो समुद्रातला, गोठवलेला, ट्रकनं येतो. मस्की पकडायची, फोटो काढायचा आणि सोडून द्यायची, हा आमच्याकडचा धर्म. आणि तो धर्म गावाला लावला वेंडेल क्रूगरनं.

वेंडेल एके काळी मेलेले मासे भुसा भरून भिंतीवर लावायच्या लायक करून द्यायचा. या भागातल्या निम्म्या बारमधल्या मस्की त्याच्या हातच्या आहेत. मग एके वर्षी त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि लोकांना सांगत सुटला की मोठ्या माद्या मारत राहिलात तर तळ्यात पुढे काहीच उरणार नाही. शाळेत जाऊन पोरांना सांगायचा, गळ कसा काढायचा, मासळी पोटाखाली हात घालून कशी धरायची. आपलाच धंदा बुडवणारा माणूस म्हणून सुरुवातीला लोक त्याला हसले, पण ऐकलं सगळ्यांनी. फेसबुकवरचा आमचा मस्कीवाल्यांचा ग्रुपही तोच चालवायचा. ग्रुपच्या माथ्यावर त्याच्या बायकोचा, डोरिसचा फोटो होता. ऑक्टोबरातली थंडी, बोटं उघडी असलेले हिरवे लोकरी हातमोजे, हातात भलीमोठी मस्की आणि चेहऱ्यावर, आता काय करू हिचं, असं हसू. त्यानंतरचा ऑक्टोबर डोरिसनं पाहिला नाही.

कारानं एका संध्याकाळी बारवर लॅपटॉप उघडला आणि डेलला दोन फोटो दाखवले. एकात तो स्वतः लाल टोपीत, दुसऱ्यात चिकागोचा कुणी दातांचा डॉक्टर.

"या दोन मासळ्यांत काय फरक आहे?"

"मस्की मस्कीसारखीच दिसणार. काय फरक असणार?"

"कल्ल्यांच्या मागे बघा. हे तीन ठिपके, मग ही तुटकी रेघ, मग हा घोड्याच्या नालासारखा आकार. आता इथे बघा."

डेलनं चष्मा लावला. वेंडेल त्याच्या खांद्यावरून वाकला.

"माणसाच्या अंगठ्यासारखं असतं हे," कारा म्हणाली. "दोन मस्कींचे ठिपके सारखे नसतात. ही एकच आहे."

"म्हणजे त्या दातवाल्यानं माझी मासळी धरली?"

"त्यानं आधी धरली होती. तुम्ही त्याची धरलीत."

बार हसून हसून लोळला. वेंडेल मात्र हसला नाही. त्यानं पुन्हा पुन्हा दोन्ही फोटो पाहिले आणि म्हणाला, "इतकी वर्षं मी ठिपके रंगवले पोरी. भुसा भरल्यावर रंग उडतो, तो हातानं भरावा लागतो. मी सगळ्यांना सारखेच ठिपके काढायचो."

दुसऱ्या दिवशी त्यानं ग्रुपवर लिहिलं की कारा आपली आहे, तिच्यापासून काही लपवू नका, जुने फोटो असतील तेही द्या. लोकांनी दिले. शाळेतल्या वह्यांत चिकटवलेले, फ्रिजवर लावलेले, मोबाइल नव्हते तेव्हाचे. कारानंही शब्द दिला होता की माणसाचं नाव कुठे येणार नाही, चेहरा कुठे दिसणार नाही. मासळीला नंबर आणि माणसाला काहीच नाही.

त्याच उन्हाळ्यात एका गळ-काठीच्या कंपनीला आमच्या तळ्यावर पुढच्या वर्षीच्या जुलैत मोठी स्पर्धा घ्यायची होती. मोटेलवाले खूश, पेट्रोल पंपवाले खूश, खोटं कशाला बोलू, मीही खूश. वेंडेलचाही पाठिंबा होता. परवानगीच्या अर्जासोबत त्यानं ग्रुपवरचे वर्षभराचे फोटो जोडले. "बघू देत सरकारी साहेबांना. रोज एक मस्की निघते इथे. तळं भरलंय नुसतं."

जुलै उजाडला तो आग ओकत. काठाजवळचं पाणी भांडी घासल्यावर उरतं तसं कोमट झालं. एरवी अशा हवेत माणसं सावलीत बसतात, पण सुट्ट्या तेव्हाच असतात, म्हणून नावाही तेव्हाच जास्त असतात. त्या दिवसांत कोडी व्रोबेलला मोठी मस्की लागली.

कोडी म्हणजे बेव्हचा मुलगा. बेव्ह माझ्या स्वयंपाकघरात इतकी वर्षं आहे की फ्रायरचा आवाज बिघडला तर तिला माझ्याआधी कळतं. कोडी नावांची इंजिनं दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात मासेमारीचे व्हिडिओ करायचा. बोलायला गोड, दिसायला बरा, पिवळ्या रंगाची नाव. त्या व्हिडिओत तो मस्की वर उचलतो, कॅमेऱ्याशी बोलतो, तिला इकडून तिकडून दाखवतो, पट्टीवर ठेवतो, तिच्या नाकाचा मुका घेतो, आणि मग फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा उचलतो. शेवटी पाण्यात सोडतो. ती जरा वेळ तशीच राहते, मग हळूहळू खाली जाते. लाखो लोकांनी ते पाहिलं. पुढच्या आठवड्यात नाव उतरवायच्या जागेपासून माझ्या दारापर्यंत परराज्यातल्या गाड्यांची रांग होती. माझ्याकडची बीअर दोनदा संपली.

सप्टेंबरात बारमागच्या हॉलमध्ये सभा झाली. कारानं काय शोधलं ते गावाला सांगावं, ही वेंडेलचीच कल्पना. त्यानं स्वतः खुर्च्या मांडल्या.

कारानं भिंतीवर प्रोजेक्टरनं फोटो दाखवले. सगळ्यांचे चेहरे करडे पुसलेले. ती म्हणाली, अर्जाला जोडलेले फोटो एकशे चाळीस आहेत, पण त्यांतल्या मासळ्या एकतीस आहेत. त्याच त्याच पुन्हा पुन्हा.

मोटेलवाला रॉन खुर्चीत पुढे सरकून बसला.

"तुम्ही मारत नाही, हे खरंच आहे," कारा म्हणाली. "पण एकेक मासळी किती जणांच्या हातांतून जाते ते बघा." आणि तिनं एका मस्कीचं आयुष्य दाखवलं. त्या मासळीला तिनं सात नंबर दिला होता. आधी सडपातळ. मग मोठी, भरलेली. मग एका फोटोत जबड्याचा कोपरा फाटलेला. मग एक डोळा दुधाळ. आणि शेवटी या जुलैतली. प्रत्येक फोटोत डाव्या कुशीवर त्याच जागी तेच ठिपके. "यानंतर ही कुणालाही दिसलेली नाही," ती म्हणाली.

शेवटच्या फोटोत चेहरा पुसलेला होता, पण नावेची कड पिवळी होती. हॉलमधल्या प्रत्येकानं तो व्हिडिओ पाहिलेला. माना हळूहळू मागच्या रांगेकडे वळल्या. तिथे कोडी बसला होता. तो छताकडे बघत राहिला.

वेंडेल मात्र शेवटच्या फोटोकडे बघतच नव्हता. कारानं आधी दाखवलेला एक फोटो त्यानं परत लावायला सांगितला. चेहरा पुसलेला, हातात बोटं उघडी असलेले हिरवे हातमोजे. तो भिंतीजवळ जाऊन उभा राहिला, इतका जवळ की फोटो त्याच्या शर्टावर पडला. मग त्यानं खुर्चीवरचं जाकीट घेतलं आणि कुणाला काही न बोलता निघून गेला.

सकाळी ग्रुपवर त्यानं दोन चित्रं शेजारी शेजारी टाकली होती. एक डोरिसचा फोटो, दुसरं कोडीच्या व्हिडिओतलं. खाली फक्त एवढंच लिहिलं होतं: "दोन्ही एकच. ही डोरिसची होती."

पुढे जे झालं ते वेंडेलला हवं होतं असं मला वाटत नाही. पण झालं. दुपारपर्यंत कोडीच्या व्हिडिओखाली लोक त्याला खुनी म्हणत होते. त्यांतले निम्मे असे की ज्यांनी आमचं तळं नकाशातही पाहिलं नसेल. कुणीतरी कोडीनं मासळी किती वेळ वर धरली ते मोजून छोटा व्हिडिओ केला आणि तोही पसरला. रात्रीत कुणीतरी त्याच्या ट्रकच्या बॉनेटवर सडका कार्प मासा ठेवून गेलं. दोघातिघांनी दुरुस्तीला दिलेली इंजिनं परत नेली. बेव्हचा नंबर कुठून तरी मिळवून लोक तिला फोन करायला लागले. मग ती कामावर आली की फोन बंद करून पिठाच्या डब्यामागे ठेवायची.

कारा माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "मार्लिस, मी सगळे चेहरे झाकले होते."

"पोरी, मासळीचा नव्हतास झाकला," मी म्हणाले. "आणि मासळी ओळखायला तूच शिकवलंस सगळ्यांना."

मी तिच्यापुढे कॉफी ठेवून कामाला लागले. मला तिची कीव आली आणि थोडा रागही आला, आणि राग माझ्यावरही होता, कारण त्या व्हिडिओमुळे आलेल्या गर्दीला बीअर मीच विकली होती.

शुक्रवारी बार गच्च होता. वेंडेल नेहमीसारखा खिडकीजवळ एकटा जेवत होता. बेव्ह स्वयंपाकघरातून बाहेर आली ती एप्रनसकट, हाताला पीठ तसंच.

"वेंडेल, तुझं लिहिलेलं वाचलं मी."

"बेव्ह, मी कोडीचं नाव नाही घेतलं."

"घ्यायची गरज होती का? तू नुसती जेवणाची घंटा वाजवलीस. बाकी सगळे आपले आपण येऊन ताटावर बसले."

"ती मासळी डोरिसची होती."

"मासळी कुणाच्या बापाची नसते, हे शाळेत येऊन पोरांना कोण सांगत होतं? तूच ना? माझा कोडी आठ वर्षांचा होता. घरी येऊन मला म्हणाला, आई, आपण धरायचं पण ठेवायचं नाही. तेव्हापासून त्यानं एक मस्की मारलेली नाही. तुझं ऐकून."

"इतका वेळ वर धरायला नव्हतं शिकवलं मी. आणि या असल्या उन्हात."

"बरं," बेव्ह म्हणाली. "आणि तू रे? या उन्हाळ्यात तू घरी पंख्याखाली बसला होतास का? तुझी नाव मी रोज बघत होते या खिडकीतून."

बेव्ह एप्रनला हात पुसत वळून आत गेली. आतून फ्रायरमध्ये टोपली आपटल्याचा आवाज आला. लोक पुन्हा बोलायला लागले, जरा जास्तच मोठ्यानं.

वेंडेलनं ताट बाजूला सारलं. काही वेळानं उठून तो बारच्या दुसऱ्या टोकाला गेला, जिथे कारा बसली होती. मी तिथेच ग्लास पुसत होते.

"सात नंबर," तो म्हणाला. "कोडीच्या आधी, याच उन्हाळ्यात, आणखी कुणी धरली होती?"

"ते मला सांगता येणार नाही मिस्टर क्रूगर."

"नावं नकोत. धरली होती का एवढं सांग."

कारानं मान डोलावली. "दोनदा."

"जुलैत मला एक लागली होती. डेलनं फोटो काढला होता." त्यानं स्टूल ओढलं. "मी माझ्याच फोटोचं विचारतोय. माझ्याबद्दल मला सांगायला काही हरकत नाही ना?"

कारानं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? तिनं नाइलाजानं लॅपटॉप उघडला आणि त्याच्याकडे वळवला. फोटोत वेंडेल घामाघूम, टोपी मागे सरकलेली, हातात मस्की. मासळीचं तोंड उलट्या बाजूला.

"ही तिची उजवी कूस आहे," कारा म्हणाली. "डोरिसबाईंच्या फोटोत डावी आहे. दोन्हीकडचे ठिपके वेगळे असतात, म्हणून तुम्हाला कळलं नाही. एका पाहुण्यानं दोन वर्षांपूर्वी तिचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले होते. त्यावरून जुळलं."

"कोडीच्या किती आधी?"

"त्याच आठवड्यात."

वेंडेल फोटोकडे बघत राहिला. "हातात होती माझ्या," तो म्हणाला. "आणि मी डेलला म्हणालो, चांगली आहे, पण डोरिसच्या मासळीची सर नाही."

मी ग्लास पुसायचं सोडून दिलं होतं.

"मेली का ती?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. नंतरचा फोटो नाही, एवढंच माहीत आहे. कोमट पाण्यात दमलेली मस्की सोडली की पोहत जाते. मग दोन-तीन दिवसांनी मरते, किंवा नाही मरत. आणि मेली असली तरी तुमच्यामुळे, कोडीमुळे की त्या तिसऱ्या माणसामुळे, ते कुणीच सांगू शकणार नाही."

"हे सभेत का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुम्ही सगळ्यांनी मिळून ते तिघे शोधून काढले असते."

"काढले असते," वेंडेल म्हणाला.

तिथून तो थेट कोडीकडे गेला. तिथे काय झालं ते मला नंतर बेव्हनं सांगितलं, आणि तिला कोडीनं, तेव्हा थोडंफार इकडे तिकडे झालं असेल. कोडीनं दार उघडलं, पण जाळीचं दार लावूनच ठेवलं.

"काय मिस्टर क्रूगर? ट्रकवर ठेवायला आणखी काही आणलंत का?"

"ते मी ठेवलं नव्हतं."

"माहीत आहे. तुमच्यानं कार्प उचलवला नसता."

वेंडेल हसला नाही. "डोरिसची मासळी तुझ्या आधी मी धरली होती. त्याच आठवड्यात. मला आजच कळलं."

कोडीनं बाहेरचा दिवा लावला.

"माफी मागायला आलोय."

"त्यानं काय होणार आहे?"

"काही नाही होणार," वेंडेल म्हणाला.

कोडीनं जाळीचं दार उघडलं. "आत या मग. डास येतायत."

वेंडेलनं त्याच दिवशी आपला जुलैतला फोटो डोरिसच्या फोटोशेजारी लावला आणि सगळं सरळ लिहून टाकलं. गावातल्या काहींना ते पटलं. काही म्हणाले, म्हातारा पोराला वाचवायला स्वतःवर घेतोय. बाहेरच्यांपैकी कुणी ते वाचलंच नाही. ते तोवर दुसऱ्या कुणाच्या मागे लागले होते. इंजिनवाले दोघे परत आले, एक आला नाही. कोडीनं आपले सगळे व्हिडिओ काढून टाकले आणि पुन्हा केले नाहीत. आईनं विचारलं तर म्हणाला, आता कॅमेरा समोर असला की हातच चालत नाहीत.

काराचा आकडा सरकारी साहेबांपर्यंत पोचला आणि स्पर्धा दुसऱ्या तळ्यावर गेली. रॉन त्यानंतर काराशी एक शब्दही बोलला नाही, आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. ग्रुपनं एक नियम केला. नाव उतरवायच्या जागेवर पाण्यात थर्मामीटर बांधला, त्यावर लाल रेघ मारली. पारा रेघेवर गेला की मस्कीवर गळ टाकायचा नाही. बरेच जण पाळतात, काही थर्मामीटरकडे न बघता जातात.

आणि लोकांनी फोटो टाकणं बंद केलं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, पण डेललासुद्धा मस्की लागली तर तो बारमध्ये येऊन हातानं लांबी दाखवायचा, फोन खिशातच. उगाच कुणी ठिपके मोजायला नको, म्हणायचा. ग्रुपवर आता नावा विकायच्या जाहिराती आणि हवामान एवढंच उरलं. विद्यापीठात परत गेलेली कारा मला फोनवर म्हणाली, "माझं काम त्यांनी पहिल्यांदाच नीट वाचलं मार्लिस, आणि माझं काम संपलं." ती हसत होती, पण मला ते हसण्यासारखं वाटलं नाही.

एप्रिलअखेर बर्फ वितळलं तेव्हा ती परत आली, या वेळी दोन सरकारी माणसं आणि मोठी जाळी घेऊन. मस्की अंडी घालायला उथळ पाण्यात येतात, तेव्हा जाळ्यात धरून मोजायच्या, जुन्या पद्धतीनं. त्यांच्या नावेचं इंजिन पहिल्याच सकाळी बंद पडलं. कारा कोडीच्या दुकानात गेली. तिथे जायला तिला बरंच धैर्य गोळा करावं लागलं असणार, कारण आधी ती माझ्याकडे येऊन दोन कप कॉफी पिऊन गेली.

कोडीनं इंजिन पाहिलं आणि म्हणाला, "याचं काही खरं नाही. माझी नाव घ्या. मीच चालवतो."

"खरंच येशील?"

"फोटो काढणार का?"

"माशांचे. तुझे नाही."

"मग ठीक आहे."

वेंडेलही जायचा. त्याचे गुडघे आता जाळं ओढायच्या कामाचे नव्हते, म्हणून तो पाण्याच्या टाकीशी बसायचा. जाळ्यातली मासळी टाकीत ठेवायची, पाण्यातच मोजायची, डावी कूस, उजवी कूस दोन्हींचे फोटो घ्यायचे आणि सोडायची. कारा लॅपटॉपवर ठिपके जुळवायची. मी एका सकाळी थर्मास घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते. पाण्यावर धुकं होतं आणि सगळ्यांची नाकं गळत होती.

पहिली मस्की कुठल्याच फोटोशी जुळली नाही. दुसरीही नाही. तिसरी डेलची निघाली, त्या दातवाल्याची. चौथी पुन्हा अनोळखी.

"यंत्र नीट चालतंय ना तुझं?" वेंडेलनं विचारलं.

कारा पुन्हा पुन्हा तपासत होती. आठवडा संपला तेव्हा जाळ्यात आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मस्की अशा होत्या ज्यांचा फोटो कधी कुणी काढलेला नव्हता. लहान नव्हत्या त्या. काही तर चांगल्या जुन्या, लांबलचक, अंगावर गळाचा एक ओरखडा नसलेल्या. सात नंबर मात्र आली नाही.

"म्हणजे निम्म्या तळ्याला आमचा गळ ठाऊकच नाही," वेंडेल म्हणाला.

"किंवा चांगलाच ठाऊक आहे," कारा म्हणाली. ती टाकीच्या काठावर बसली होती, बोटं बगलेत खुपसून. "माझ्या एकतीस म्हणजे फक्त भोळ्या मासळ्या. मी त्यांनाच तळं समजत होते."

"आम्हीपण," वेंडेल म्हणाला.

तिनं पुढे जे लिहिलं त्यात हेही लिहिलं, की लोकांच्या फोटोंतून गळाला लागणाऱ्यांचीच कहाणी कळते, आणि तीही त्या लोकांना न दुखावता ऐकणं सोपं नाही. ते छापून आलं तेव्हा तिनं मला पाठवलं. अर्धं मला कळलं नाही. गावाचं किंवा तळ्याचं नाव त्यात कुठे नव्हतं. सात नंबरही नव्हती.

मी गेले होते त्या सकाळची शेवटची मस्की लहान होती, जेमतेम हातभर. कोडीनं ती जाळ्यातून सोडवली आणि टाकीकडे वळला, तेवढ्यात तिनं अंगाला एक झटका दिला, त्याच्या गारठलेल्या बोटांतून निसटली आणि नावेच्या कडेवरून पाण्यात गेली.

"अरे, फोटो!" कारा ओरडली.

कोडी पाण्याकडे बघत राहिला. "गेली," तो म्हणाला आणि पुढचं जाळं ओढायला वाकला.